ओल्या मातीत पाय नको

भोपाळची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यात विटेसारखी कडक. कारखान्याच्या वसाहतीत आम्हाला क्वार्टर मिळालं तेव्हा मागच्या अंगणात पाऊस संपला तरी पाणी साचलेलं असायचं. लावलेलं सगळं मुळाशी कुजायचं. माझी बायको नागपूरकडची, काळी माती तिला नवी नव्हती. पण तिकडची माती शेतातली, उताराची. इथे चारी बाजूंना भिंत आणि पाण्याला जायला वाट नाही.

पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी मिळून चूक केली. माती भुसभुशीत व्हावी म्हणून नर्मदेची वाळू आणून मिसळली. मे महिन्यात बघतो तर वाळू आणि माती घट्ट बसून अंगणभर फरशी.

"छान," ती म्हणाली. "आता यावर खुर्च्या टाका आणि बसा."

मग भिंतीच्या कडेने चर खणला, त्यात विटांचे तुकडे भरले आणि त्याचं तोंड रस्त्याकडच्या नालीत काढलं. वाफे वीतभर उंच केले. वसाहतीतल्या कडुनिंबांचा आणि शिरीषांचा पाला मी सायकलवर पोत्यांतून आणायचो. ती तो शेणखताबरोबर कुजवून दर वर्षी मातीत घालायची. माती हळूहळू, फारच हळूहळू, ऐकू लागली.

पण तिच्या मते खरं काम होतं ते ओल्या मातीवर पाय न देणं. अशी भारी माती ओली असताना दाबली गेली की घट्ट होऊन बसते, मग तिच्यात ना पाणी मुरतं ना मूळ शिरतं. म्हणून वाफ्यांच्या मधून तिने पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या टाकल्या होत्या. चालायचं ते फळीवरून. पाऊस थांबला तरी वाफसा येईपर्यंत खुरपंसुद्धा लावायचं नाही. वाफसा म्हणजे मुठीत दाबली तर मातीचं ढेकूळ व्हावं आणि बोट लागताच ते फुटावं, इतकीच ओल.

"अहो, पाय!" स्वयंपाकघरातून आवाज यायचा. तिथून तिला कसं दिसायचं कोण जाणे. "ड्रॉइंग ऑफिसात दिवसभर रेघा मारता, आणि एवढी मोठी फळी दिसत नाही?"

पलीकडच्या क्वार्टरमधले आमचे शेजारी कुंपणापलीकडून हसायचे. "भाभीजी, आपके यहाँ चप्पल नहीं, आदमी ही बाहर उतारना पड़ता है।"

"भाईसाहब, आप वहीं ठीक हैं," असं म्हणून ती कुंपणावरूनच त्यांच्या हातात पालकाची जुडी द्यायची.

ती गेली ती श्रावणातल्या एका सकाळी. बाहेर झड लागली होती. सगळी वसाहत आली. समोरच्या खोलीत माणसं मावेनात, तेव्हा उरलेली मंडळी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली, छत्र्या धरून, बराच वेळ. मी मागच्या दारात होतो. वाफ्यांवर पाय पडत होते. फळीवरून चला, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. पण तिच्यासाठी पावसात उभ्या राहिलेल्या माणसांना ते कसं सांगणार? कुंपणापलीकडचे शेजारी पालकाच्या वाफ्यात मधोमध उभे राहून रडत होते. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आत आले होते.

त्या वर्षी पाऊस पुढे फिरकलाच नाही. ऊन पडलं आणि ते ठसे वाळून पक्के झाले. टाचा, चपला, एक अनवाणी पाऊल, छत्र्यांच्या टोकांची भोकं. संध्याकाळी मी फळीवर बसून बघत राहायचो. एकदा लक्षात आलं, आपण त्यांत तिचं पाऊल शोधतो आहोत. ते तिथे असणार नव्हतं. त्या मातीवर तिने कधी पाय दिलाच नव्हता.

निवृत्तीला थोडे महिने उरले होते. मग क्वार्टर परत करून भोपाळच्याच बागसेवनिया भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं. शेजाऱ्यांनी विचारलं, "माली को बुला दूँ? खुदवा देते हैं।" मी नको म्हटलं. खणल्यावर खालपर्यंत सगळं दगड झालेलं निघालं तर? इतक्या वर्षांचं तिचं काम गेलं, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं नव्हतं.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. अंगणात उभी राहून तिने नुसतं बघितलं.

"बाबा, फोडूया?"

"सगळी दाबली गेली असेल गं."

"असेल. पण बघू तर."

संध्याकाळी तिने पाणी सोडलं. वाफसा यायला दोन दिवस गेले. मग तिने कुदळ मारली. वरचा थर खापरासारखा निघाला, ठशांसकट. मी नजर वळवली.

"बाबा, इकडे बघा."

त्या थराखाली माती मोकळी होती. काळी, दाणेदार, मधेच पानाची एखादी शीर, एक गांडूळ. मी मनगटापर्यंत हात आत घातला. कुठे अडला नाही. आत गार होतं. हात काढावासा वाटेना.

मुलगी खांद्याशी येऊन बसली. म्हणाली, "काय पेरायचं यात?"

ते दर वर्षी तिची आईच ठरवायची.