बढती, हाफपँट आणि पिवळी पिशवी

सायकलने ऑफिसला जायचं असेल तर आपली पँट आपणच पिशवीत भरावी. हवा, ब्रेक, चेन या गोष्टी नंतर बघता येतात.

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं आणि मी मेडशीहून मालेगावच्या ऑफिसला सायकलने जायला लागलो. अंगात बियाणे कंपनीने फुकट वाटलेला टी-शर्ट, खाली हाफपँट, ऑफिसचे कपडे पिशवीत. तिथे पोचून घाम पुसायचा आणि कपडे बदलायचे. महिनाभर सगळं सुरळीत चाललं (चार पंक्चर आणि एक कुत्रं सोडून!).

त्या दिवशी जिल्ह्याहून नवे साहेब येणार होते. आठ वर्षं रखडलेली माझी बढती आता त्यांच्या शेऱ्यावर होती. बायकोने, म्हणजे मंदाने, ठेवणीतला शर्ट-पँट इस्त्री करून पिशवीत भरला. तिलाही त्याच दिवशी रिठदला भावाच्या वास्तूला आहेर न्यायचा होता. दोन्ही पिशव्या एकाच कापड दुकानाच्या, पिवळ्या! मी उचलली ती जरा जड लागली. डबा दणदणीत दिलेला दिसतो, म्हणून मी खूषच झालो.

ऑफिसच्या बाथरूममध्ये पिशवी उघडली. आत शर्ट होता, पँटही होती, फक्त शिवलेली नव्हती! शर्टपीस, पँटपीस, दुपट्टा, टोपी आणि वर नारळ. तेवढ्यात मंदाचा फोन.

"अवो, काय नेलं तुमी? भाऊच्या पाटासमोर, साऱ्या सोयऱ्यायच्या देखत तुमची पँट निघाली! बेल्टासकट!"

"मंग तू काय केलं?"

"काय करू? कुंकू लावलं अन् देऊन टाकली!"

मी आमचा शिपाई अंबादास याला आत ओढला.

"बाबू, माही पँट घालून पाहा," म्हणत त्या भल्या माणसाने खरंच काढून दिली. ती माझ्या पोटापर्यंत आली, तिथे हुज्जत घातली आणि तिची चेन तुटली! आता अंबादासही बाहेर येण्यासारखा राहिला नाही.

"बाबू, मले असं सोडून कुठी चालले?"

"सुई-दोरा पाहून येतो," म्हणत मी परत हाफपँट चढवली आणि आहेर छातीशी धरून बाहेर पडलो, तो थेट साहेबांसमोर!

साहेबांनी नारळ पाहिला, दुपट्टा पाहिला आणि मान खाली वाकवली.

"अरे, सत्काराची काय गरज होती?"

मी साहेबांना टोपी घातली, दुपट्टा घातला, हातात नारळ दिला. मेव्हण्याचा आहेर साहेबांच्या अंगावर गेला. (शिवाय टाळ्याही मीच वाजवल्या!)

"शिपाई हुशार आहे तुमचा," साहेब हेडक्लार्कला म्हणाले. "आता ते बढतीवाले बाबू कुठे आहेत?"

हेडक्लार्कने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. हाफपँटीत बढती मागायची कशी?

"येऊन राह्यले साहेब," मी म्हणालो आणि चहा आणायला पळालो. साहेबांनी दोन कप होईपर्यंत माझी वाट पाहिली. दोन्ही कप मीच नेऊन दिले.

पंधरा दिवसांनी शेरा आला. 'संबंधित लिपिक भेटीच्या वेळी गैरहजर. शिपाई मात्र तत्पर, लिपिकपदासाठी शिफारस.'

ऑफिसात शिपाई एकच, अंबादास. पहिला पेढा त्याने मलाच दिला. आठ वर्षांत जी बढती मला स्वतःला मिळवता आली नाही, ती मी अर्ध्या तासात, हाफपँटीवर, अंबादासला मिळवून दिली!