नातीची नडगी

पहलवानाने नातीची पोटरी दोन्ही हातांत धरली आणि ओला पंचा पिळावा तशी बाहेरच्या बाजूला पिळली. ती किंचाळली. तिचे खांदे मीच दाबून धरले होते. मग त्याने दोन्ही नडग्यांना बांबूच्या पट्ट्या लावून वरून चिंध्या आवळल्या. लखनौत हाडं बसवणाऱ्याला पहलवान म्हणतात.

मुलगा रेल्वेत, म्हणून आम्ही आलमबागच्या क्वार्टरमध्ये. नव्वद-ब्याण्णवची गोष्ट. नात चार वर्षांची. तिची पावलं आत वळलेली. धावताना एकमेकांत अडकायची आणि ती तोंडावर पडायची. माझा पहिला संशय सुनेवर. बाळंतपणात तिने माझ्याऐवजी इथल्या बाईकडून बाळाला मालीश करून घेतली होती. दुसरा संशय सरकारी डॉक्टरवर. त्याने पोरीला पालथी झोपवली, गुडघे दुमडले, वरून तळवे पाहिले. म्हणाला, नडगीचं हाड आत पिळलेलं आहे, पुष्कळ मुलांचं असतं, वाढताना आपोआप बाहेर फिरतं, सात-आठ वर्षांची होईपर्यंत वाट बघा. ना गोळी, ना एक्स-रे, ना खास बूट. फुकटच्या पेशंटला असंच वाटेला लावतात, असं मी धरून चालले. सून मान डोलावत होती. ती शाळेत शिकवायची. शिकलेल्या माणसाचं तिला सगळं पटायचं. ती कामावर गेल्यावर मी पोरीला रिक्षात घातली.

दुपारी सून आली. पोर रडून झोपली होती, मी पायांवर चादर टाकली होती. तिने ती ओढली. बोटं निळसर, गार. तिने कात्रीने चिंध्या कापल्या आणि मग विचारलं, "आई, हिला धरलं कुणी होतं?"

"मी."

मग तिने पोरीला उचलून त्याच डॉक्टरकडे नेलं, मागोमाग मी. त्याने बोटं दाबून पाहिली, रंग परत आलेला पाहिला. मला म्हणाला, "माताजी, हड्डी घूमेगी. अपने टाइम से, आपके टाइम से नहीं."

दुसऱ्या दिवसापासून सून कामावर जाताना पोरीला शेजारणीकडे ठेवू लागली. मी घरातच असताना.

डॉक्टरवर माझा तरीही विश्वास नव्हता. दर सहा महिन्यांनी मी गेरूच्या पाण्यात पोरीचे पाय बुडवून तिला वर्तमानपत्रांवरून चालवायची. मुद्दाम सरळ टाकते की काय, म्हणून तिला बोलण्यात गुंतवायची. वर्षभर काडीचा फरक दिसला नाही. डॉक्टरला पकडला, असं वाटलं. पुढे मात्र ठसे थोडे थोडे बाहेर सरकत गेले आणि ती आठ वर्षांची झाली तेव्हा बोटं समोर आली. सगळे कागद मी सुनेपुढे टाकले. तिने ते एकेक करून पाहिले, म्हणाली, "हे मला तेव्हाच पटलं होतं, आई." पोर शेजारणीकडेच जात राहिली.

नात आता म्हणते, पहलवानाकडचं काही आठवत नाही. मला ते खरं वाटत नाही. पहलवानाच्या खोलीत आमच्या घरातली दोनच माणसं होती, ती आणि मी.