व्याह्यांची गंमत
वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला की मला बोर्डीच्या किनाऱ्यावरची ती दुपार आठवते. ताईचं लग्न नुकतंच ठरलं होतं आणि दोन्हीकडची मंडळी तिथे फिरायला गेली होती. ओहोटीला सुरूच्या बनासमोर ओल्या वाळूत खड्डे करून, झेंडे रोवून तिथे कुणालाही गोल्फ खेळता यायचं. समुद्र डोळे दिपवायचा, पण वाऱ्याने हलका प्लास्टिकचा चेंडू कुठच्या कुठे जायचा. ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांनी बाबांच्या हातात काठी दिली आणि बाबांचा पहिलाच फटका थेट पाण्यात गेला. "व्याहीबुवा, शेवटचा चेंडू होता हो! आता काय करायचं?" सासरे म्हणाले. "आणतो ना," म्हणत बाबा चपला काढून पाण्यात उतरले. भरती लागली होती. आई किनाऱ्यावरून हाका मारत राहिली, पाहुणे मोबाइलवर व्हिडिओ काढत राहिले. छातीपर्यंत भिजलेले बाबा खोकत परतले आणि त्यांनी चेंडू पुढे केला. तेव्हा सासऱ्यांनी खिशातून दुसरा काढून दाखवला. "गंमत केली हो!" सगळे हसले, बाबाही हसले. लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. ताई आता मुलांना ही आजोबांची फजिती रंगवून सांगते, तेव्हा मी उठून आतल्या खोलीत जाते.