बैल वळायला लागणारी जागा

टीव्हीवर नकाशा दाखवत होते. एका बलाढ्य देशाने शेजारच्या लहान देशाचा मुलूख गिळला होता आणि त्यांचा अध्यक्ष म्हणत होता, आमच्या सुरक्षेसाठी ही पट्टी लागतेच. मुलगा म्हणाला, "ताकद हाय त्याच्यात, घेणारच."

मला एकदम येवल्याजवळचं आमचं रान आठवलं. नांगरलेल्या मातीचा वास, बैलांच्या नाकातली वाफ. मी दरसाल नांगर थोडा दाबून शेजारच्या भागूबाईच्या बाजूचा बांध कोरायचो. ती एकटी विधवा, भांडायला तिच्याकडे कोण होतं? एका सकाळी ती बांधावर येऊन म्हणाली, "भाऊ, बांध सरकलाय."

मी म्हणालो, "बैल वळायला जागा लागते, बाई."

माझी बायको शेवंता भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं बैल कुठं वळत होते मग?" मी तिला भागूबाईसमोरच गप्प बस म्हणालो. पण त्या पट्टीतला कांदा तिने मरेपर्यंत आमच्या चुलीवर चढवला नाही. काढणीला त्याचा ढीग वेगळा करायची. मला तेव्हा तो बायकांचा हट्ट वाटला.

शेवंता पौषात गेली. भाजी आता मीच करतो. यंदा ढीग कोणी वेगळे केले नाहीत. कुठला कांदा कुठल्या मातीतला, मला ओळखता येत नाही. मी चिरतो आणि खातो. बांध अजून तिथेच आहे, मी सरकवला होता तिथे.