बिनचुन्याचं पान

विडा लावून झाला की बोटावर उरलेला चुना ती पडवीच्या खांबाला पुसायची. वर्षानुवर्षं त्याच खांबाला, बसल्या हाताला येईल तिथे. आमच्या मालवणच्या बाजूला असे खांब तुम्हीही पाहिले असतील. कोणाच्या पडवीत माणसं बसतात हे त्यावरून कळायचं. तिचा खांब पांढराफटक होता.

"बस रे झिला, पान खा, मगे जा," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी तेव्हा बाजारातल्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि तिचं घर माझ्या वाटेवर. नवरा तरणा असतानाच गेलेला, मूलबाळ नाही. जन्मभर डोक्यावर माशांची पाटी घेऊन हिंडलेली बाई. दम लागायला लागला तशी पाटी सुटली, राहिला तो पानाचा डबा. किनाऱ्यावरून परतणाऱ्या बायका, जाळी विणणारे म्हातारे, पोस्टमन, सगळे तिच्याकडे घडीभर टेकायचे. जिभेची तिखट होती हो. कोणी सुपारी जास्त उचलली तर त्याच्या आजोबापर्यंत पोचायची.

पुढे पुढे तिला आडवं पडता येईना. पडली की जीव घुसमटायचा, म्हणून खांबाला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. शेवटी दवाखान्यात आली आणि एकच मागणं मागितलं.

"डाक्टरांनू, माका एकदा पाठ भुयेक लावन निजाचा आसा."

डॉक्टर मुंबईहून नवेच आलेले, नवनवीन शोधांची मासिकं मागवून वाचणारे. समजावून सांगायची त्यांना भारी हौस. मूठ आवळून दाखवत म्हणाले, स्नायूत कॅल्शियम सुटलं की हृदय असं आवळतं. ते परत उचललं गेलं की सैल होतं आणि रक्त आत घेतं. तुमचं हृदय रक्तदाबाने जाड झालंय. आवळतं ठीक, पण सैल व्हायला वेळ लावतं, मग रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. इथवर बरं होतं. पण तिने कॅल्शियम म्हणजे काय ते विचारलं आणि डॉक्टर सहज बोलून गेले, तुमच्या पानाच्या चुन्यात असतं तेच.

ती गोळ्या घेऊन घरी गेली आणि चुन्याची डबी वरच्या फळीवर ठेवून दिली. कारण विचारलं तर मला म्हणाली, "चुनो काळीज आवळता, मगे सोडना नाय."

बिनचुन्याचं पान म्हणजे पाला चघळणं. तोंड रंगत नाही, मग गप्पा कुठल्या रंगायला? लोकांनी आधी चेष्टा केली, मग एकेक जण येईनासा झाला. सैल श्वास मिळावा म्हणून तिने चुना सोडला आणि माणसंही सुटली. भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही. तिला तशी गप्प बसलेली पाहून मला फार वाईट वाटायचं.

मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग ओशाळले. संध्याकाळी स्वतः तिच्या पडवीत येऊन बसले. खाल्लेला चुना असा थेट काळजात जात नाही, खुशाल खा, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. तिने ऐकून घेतलं, फळीवरची डबी मला काढायला लावली आणि चुना लावून विडा त्यांच्यापुढे धरला.

"मगे खावन दाखवा."

डॉक्टर पान खात नसत. दातांची फार निगा त्यांना. हात पुढे येता येता मागे गेला.

ती हसली. "तुमी माजा मन राखूक सांगतास."

डबी मात्र परत फळीवर गेली नाही. त्यानंतर ती रोज सकाळी दोन विडे करायची, एक बिनचुन्याचा स्वतःला, एक चुन्याचा येणाऱ्याला. "येणाऱ्यान काय सुक्या तोंडान जावचा?" म्हणायची. पण लोकांना दुसऱ्या पडव्या सापडल्या होत्या. संध्याकाळी परतताना मी बसायचो तेवढाच. दुपारपर्यंत चुन्याचा विडा सुकून जायचा.

एका सकाळी मी वाटेवरून हाक मारली, तिने ओ दिली नाही. खांबाला टेकून बसली होती. श्वास थांबलेला. डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून तिला हळूच आडवं केलं. तिची पाठ भुईला लागली.

डब्याच्या झाकणावर दोन विडे होते. खांबावर चुन्याचं एक बोट अजून ओलं होतं.

डॉक्टरांनी एक विडा उघडून पाहिला, परत मिटला. दुसऱ्यात चुना होता. तो त्यांनी तोंडात घातला आणि तिच्याजवळ बसून चावत राहिले.

त्या दिवशी डॉक्टर तसेच लाल तोंडाने दवाखान्यात बसले होते.