न निंदलेला वाफा

आमच्या घरात कोणाच्याच नावावर शेत नव्हतं. आई उंद्रीच्या शिवारात दुसऱ्यांच्या पिकांतलं तण निंदायची, शाळेला सुट्टी असली की मीही. तेच हात घेऊन मी कृषी महाविद्यालयात गेले.

तिथल्या शेतावर एक काका कामाला होते. बोलता बोलता थांबायचे, सोयाबीनवरून सरकणारी ढगाची सावली पार बांधापलीकडे जाऊ द्यायचे, मग वाक्य पुरं करायचे. त्यांच्या शेजारी दिवस स्वप्नातल्यासारखा हळू जायचा.

शेवटच्या वर्षी माझा प्रयोग तणांवर होता. तुलनेसाठी एक वाफा मुद्दाम तणातच ठेवायचा होता. एका ओल्या सकाळी, आईच्या आठवणीत, मी नेमका तोच निंदून काढला. भान आलं तेव्हा वाफा स्वच्छ होता आणि वर्ष वाया गेलं होतं.

काका आले. "काऊन निंदलं वं?"

"हात आपोआप चालले, काका."

ते हसले. जरा थांबले. "माह्या हातानंबी एकदा असंच झालतं. तवापासून हर प्रयोगाच्या कडेले एक वाफा जास्तीचा पेरतो, त्याच्यातलं तण काढत नाही. सरांले खरं सांग. मी येतो संगं."

सर रागावले, पण तुलनेसाठी काकांचा तो कडेचा वाफा त्यांनी ग्राह्य धरला.

मी बी.एस्सी. कृषी झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर.