डाक्टरीनबाईला मी भाषा शिकवली

हे मी कोनाला सांगलेलं न्हाय. नवऱ्याला न्हाय, पोरीला न्हाय. तुमाला सांगते — का ते मलापन ठावं न्हाय.

आगरदांड्याच्या अलीकडं आमचं गाव. तितल्या दवाखान्यात मी झाडलोट करायचे. शाळा दुसरीपत्तूर, पन लग्नाआधी मुंबईला घरकामाला व्हते, म्हनून हिंदी येते. डाक्टरीनबाई केरळची, कवळी पोर, मराठीचा एक शब्द येत न्हवता. बाया मला सांगायच्या, मी हिंदीत तिला. काकी हाय ना, मंग भ्या न्हाय — असं बोलायच्या बाया.

हौशी माझी धाकटी जाऊ. तीस वर्सं एका चुलीवर रांधलं आमी. गौरी गेल्या, त्याच्या चौथ्या दिवशी ती दवाखान्यात आली. खाटेवर निजली, माझा हात धरलान. "वैनी, तीन महिनं झालं, अंगावरनं लाल जातंय. थांबतच न्हाय. तूच सांग बाईला, मला लाज वाटते."

पाळी जाऊन धा वर्सं झालेली तिची. दुसरीच्या मनात काय आलं असतं? दुखनं. माझ्या मनात — गौर.

तीन महिनं म्हंजे गौरीतपन. तशीच इटाळात तिनं गौर घरात घेतली, निवद रांधला, आमाला वाढला. नि मला पत्ता न्हाय! अंगाचा जाळ झाला माझ्या. फसवलान मला. देवीलापन फसवलान.

डाक्टरीनबाई पेन धरून बघत व्हती. "क्या बोल रही है, काकी?"

मी बोलले — पेट में दर्द है. गैस का.

का बोलले? घरची अब्रू म्हनून? लय वर्सं मी मनाला तसंच सांगलं. खोटं हाय ते. मला वाटलं, भोग आता. येवढंच वाटलं.

"सांगलंस ना गं?" हौशीनं इचारलं.

"सांगलं."

पुन्ना दोनदा आली ती. दोनदा मी तेच बोलले. तवा तर राग गेलेला — मंग का? पयलं खोटं उघडं पडंल म्हनून. नि ती गोळ्या घ्यायची, न चुकता. जेवनाआधी का नंतर, ते मलाच इचारायची.

शेतावर घेरी येऊन पडली, तवा मुंबईला नेली. गर्भपिशवीचा रोग, पसरलेला. शिमग्याच्या आधी गेली.

डाक्टरीनबाई घरी आली. माझ्या दिरासमोर खाली बसली, हात जोडून रडली — गलती माझी, मला भाषा येत न्हाय. हे दिराला मराठीत कोनी सांगलं? मीच. त्या दिवशी एक शब्द गाळला न्हाय.

मंग ती वही घेऊन आली. काकी, शिकव मला. दोन वर्सं दुपारची बाकड्यावर बसायची. कळ, चमक, उमासा, घेरी — बाया कसं बोलतात, काय बोलायला लाजतात, सगळं लिवून घेतलान. शेवटी शेवटी चांगलं बोलायची. माझी मस्करी करायची, "काकी, तुझं हिंदी खराब, माझं मराठी चांगलं." लांबलांबच्या बाया यायला लागल्या. लोक मला बोलायचे, काकी, पुन्य केलंस.

एक दिवस मी सांगलं, बाया 'अंगावरनं जातंय' बोलतात, म्हंजे काय ते. ती लिवता लिवता थांबली.

"हौशीबाई असं बोलली होती का, काकी?"

मराठीत इचारलान. माझ्याकडं बघत.

"न्हाय, बाई. ती पोटाचंच बोलली."

तिनं मान हालवली नि फुडचा शब्द इचारला.

बदली होऊन गेली ती. आजपन कुटं नव्या डाक्टरांना सांगत असंल — मला भाषा येत नव्हती, म्हनून माझ्या हातनं एक बाई गेली.

भाषेचं काय न्हवतं. हौशी सगळं बोलली व्हती. मी ऐकलं व्हतं.